सोयाबीनच्या प्रश्नाखाली हशा : एका शेतकरी ॲपने ट्रोलिंगला आळा कसा घातला

पार्श्वभूमी

लातूर, धाराशिव आणि बीड या पट्ट्यातल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांनी मिळून एक मोबाइल ॲप चालवायला घेतले. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.) ॲपवर तीन गोष्टी होत्या : मोंढ्याचे (शेतमालाच्या बाजाराचे) रोजचे भाव, हवामानाचा अंदाज आणि पीकसल्ल्याची प्रश्नोत्तरे. उत्तरे देण्यासाठी दोन कृषी पदवीधर पगारावर होते. शिवाय काही जाणते शेतकरी, एक-दोन कृषी सेवा केंद्रवाले आणि निवृत्त कृषी सहायक आपणहून उत्तरे देत. नोंदणी मोबाइल क्रमांकावर ओटीपी घेऊन व्हायची, दिसणारे नाव मात्र कोणतेही ठेवता येई.

प्रश्नोत्तरांचा भाग कंत्राटदाराने तयार साच्यातून उचलला होता. त्या साच्यासोबत चार गोष्टी आयत्या आल्या. उत्तराखाली पाच भावमुद्रा, त्यांत एक खदखदा हसणारी. ज्या उत्तरावर जास्त प्रतिसाद ते आपोआप सगळ्यांत वर. कुठे बोलणे वाढले की ‘तुमच्या तालुक्यात चर्चा तापली आहे’ असे नोटिफिकेशन. आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याने आजवर टाकलेल्या संदेशांचा आकडा. यांतले काहीही कोणी विचार करून निवडलेले नव्हते, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खात होते.

अडचण

२०२४ च्या खरिपात एका शेतकरी ताईंनी फोटो टाकून विचारले : ‘सोयाबीन महिन्याचं झालंय. शेंड्याची पानं पिवळी पडलीत, शिरा हिरव्या आहेत. लोह कमी पडलं का मोझॅक आलाय?’ असा नेमका प्रश्न तज्ज्ञांनाही रोज मिळत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत लोह पिकाला मिळेनासे झाले की कोवळी पाने अशीच पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये पानांवर हिरवे-पिवळे चट्टे येतात आणि रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. पहिल्यात सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी कामाला येते. दुसऱ्यात फवारणीचा तो खर्च वाया जातो आणि रोगट झाडे उपटायची राहून जातात.

पहिले उत्तर आले : ‘आधी भाकरी करपू देऊ नका ताई, सोयाबीन मालक बघतील.’ त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रतिसाद वाढले म्हणून ते उत्तर वर चढले. वर चढले म्हणून आणखी लोकांना दिसले. मग ‘चर्चा तापली’चे नोटिफिकेशन शेजारच्या गावांत गेले आणि ज्यांना सोयाबीनशी काही देणेघेणे नव्हते तेही मजा बघायला आले. पदवीधराने दिलेले योग्य उत्तर दोनदा बोट सरकवल्याशिवाय दिसत नव्हते. ताईंनी प्रश्न काढून टाकला आणि पुन्हा विचारले नाही. पुढे बायकांचे प्रश्न नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने येऊ लागले. हे ॲप चालवणाऱ्या संघाला उशिरा कळले, कारण आकड्यांत सगळे छान चालले होते. संदेश वाढत होते आणि लोक ॲपवर जास्त वेळ थांबत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भडका उडाला. हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यात सोयाबीन त्याखाली विकले जात होते. हमीभाव केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट आडवी येत होती. त्यात २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. भावाच्या तक्त्याखाली रोज राजकीय शिवीगाळ, जातीवरून टोमणे. कर्जाबद्दल लिहिणाऱ्या एकाला कीटकनाशकाच्या डब्याची आठवण करून देणारा संदेश आला तेव्हा संचालक मंडळाची बैठक तातडीने लागली.

कोणते पर्याय तोलले

पहिला विचार साहजिकच प्रतिसाद बंद करण्याचा. मोंढ्याच्या भावापुरते ते पटण्यासारखे होते. पीकसल्ल्यात मात्र शेजारच्या शेतकऱ्याचा अनुभव पदवीधराच्या उत्तराइतकाच कामाचा असतो, म्हणून सरसकट बंदी मागे पडली.

दुसरा पर्याय खऱ्या नावाचा. दोन संचालकांचा आग्रह होता की सातबारा जोडल्याशिवाय कोणाला लिहूच देऊ नये, म्हणजे ‘तोंड लपवून भुंकणारे’ गप्प बसतील. यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली होती. शिवीगाळ म्हणावी तशी घटली नाही. वर २०११ मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीकडून साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो नियमच रद्द केला. इथली अडचण आणखी जवळची होती. सातबाऱ्यावर बहुतेक बायकांचे नाव नसते, बटईने करणाऱ्याचेही नसते. म्हणजे ज्यांना वाचवायचे तेच बाहेर पडले असते, आणि शिव्या देणारा सातबाराधारक आत राहिला असता.

तिसरा पर्याय माणसे नेमून प्रत्येक संदेश तपासण्याचा. दोन पदवीधर, हंगामात फोन, शेतभेटी आणि वर हे. पगाराचे गणित जमत नव्हते. चौथा पर्याय शिव्यांची यादी करून संदेश आपोआप अडवण्याचा, जो कंत्राटदाराला सगळ्यांत सोपा वाटत होता.

पाचवा पर्याय रचनाच बदलण्याचा : टवाळाला जे मिळते तेच काढून घ्यायचे. त्याला हशा मिळतो, वरची जागा मिळते, गर्दी मिळते आणि ताबडतोब प्रत्युत्तर मिळते. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले होते की एरवी साधीसरळ असणारी माणसेही मनःस्थिती बिघडलेली असेल आणि आधीच्या प्रतिक्रिया वाकड्या असतील तर ट्रोलिंग करून बसतात. भाव पडलेल्या दिवशीचे मोंढ्याचे पान म्हणजे या दोन्ही अटींची पूर्तता. संघाने खात्यांची यादी काढली तेव्हाही तेच दिसले. कायमचे त्रासदायक मोजके होते. बाकी सगळे हवा पाहून त्यात उतरलेले होते, आणि त्यांतले काही तर उत्तम उत्तरे देणारे.

काय केले

सगळ्यांत स्वस्त बदल होता नोटिफिकेशनचा. ‘चर्चा तापली’ बंद केले आणि त्याऐवजी फक्त प्रश्नकर्त्याला ‘तुमच्या प्रश्नाला उत्तर आले’ एवढेच जाऊ लागले. त्यासाठी ॲपची नवी आवृत्तीसुद्धा लागली नाही, सर्व्हरवरून एक नियम काढला. मग हसरी भावमुद्रा आणि तिच्या चारही बहिणी काढून एकच बटण ठेवले : ‘उपयोगी’. उत्तरांचा क्रम त्यावर, आणि प्रश्नकर्त्याने ‘हे लागू पडले’ म्हटलेले उत्तर कायम वर. नावापुढचा संदेशांचा आकडा गेला. त्या जागी किती उत्तरे लागू पडली ते दिसू लागले.

तेवढ्यात नवी पळवाट निघाली. भावमुद्रा गेल्या म्हणून लोक मीमची चित्रे फोटो म्हणून टाकू लागले. फोटो बंद करता येत नव्हते, कीड-रोगाची ओळख फोटोवरच होते. म्हणून प्रश्नकर्त्याला फोटोची पूर्ण मुभा ठेवली आणि उत्तर देणाऱ्याला पाच ‘उपयोगी’ मिळाल्यावरच ती दिली. यात नुकसानही झाले. नव्या माणसाला औषधाच्या बाटलीवरचे लेबल दाखवता येईना. ते संघाने पत्करले.

नव्या खात्याचे नियम ठरवताना एक भेद फार उपयोगी पडला. प्रश्न विचारायला पहिल्या मिनिटापासून मोकळीक, उत्तर द्यायला मात्र तीन दिवसांची वाट आणि पहिली तीन उत्तरे तपासणीतून. अळी पडलेला माणूस तीन दिवस थांबू शकत नाही. उत्तर देणारा थांबू शकतो, आणि फक्त शिवी द्यायला आलेला सहसा थांबत नाही. इंग्रजी विकिपीडियावर अर्धसंरक्षित, म्हणजे नवख्यांना बदलता न येणाऱ्या, पानांसाठी चार दिवस आणि दहा संपादने अशी अट असते, कल्पना तीच.

दिसणाऱ्या नावासोबत गाव दाखवायचे की तालुका, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. आधी गाव ठेवले. हिशोब असा की गावाचे नाव दिसले की माणूस जिभेला लगाम घालेल. झाले उलटेच. बांधाचे वाद, भावकीतली जुनी दुखणी, ग्रामपंचायतीतला पराभव, सगळे ॲपवर उतरले, कारण आता कोण कोण आहे ते कळत होते. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘टोपणनाव आणि गाव’ म्हणजे पूर्ण पत्ताच. बचत गटाच्या एका बैठकीत बायकांनी हे स्पष्ट सांगितल्यावर गाव काढून तालुका ठेवला. पीकसल्ल्याला तालुका पुरतो. जमीन आणि पाऊस यांचा अंदाज तेवढ्यावर येतो.

शब्दांची गाळणी हा सगळ्यांत चिघळलेला भाग. कंत्राटदाराची यादी अक्षरे जुळली की संदेश अडवत होती. पहिल्याच दिवशी गांडूळखताचे सगळे प्रश्न अडकले. बोंडअळीसाठीचे कामगंध सापळे अडकले. धमकीच्या शब्दांत ‘मर’ होता, त्यामुळे तुरीचा आणि हरभऱ्याचा मर रोग गेला. ‘फवारा मारा’ गेले. उलट शिव्या देणारे अक्षरांत टिंब घालून, शब्द तोडून किंवा रोमन लिपीत लिहून सुखाने पार पडत होते. दुरुस्ती तीन पायऱ्यांत झाली :

- तुलनेपूर्वी मजकूर सारखा करून घेणे, म्हणजे अक्षरांमधली टिंबे आणि न दिसणारी जोडचिन्हे काढणे, रोमन लिपीतल्या मराठीचे देवनागरी रूप करणे.
- अक्षरांच्या तुकड्याऐवजी पूर्ण शब्द जुळवणे, आणि शेतीच्या शब्दांची वेगळी सूट-यादी ठेवणे.
- जुळल्यावर संदेश अडवण्याऐवजी विचारणे : ‘हा मजकूर असाच पाठवायचा का?’ ‘बदला’ हे बटण मोठे, ‘तसाच पाठवा’ लहान.

तिसऱ्या पायरीला आधार होता. ट्विटरने २०२१ मध्ये अशाच सूचनेबद्दल सांगितले होते की सूचना दिसल्यावर ३४ टक्के लोकांनी उत्तर बदलले किंवा पाठवलेच नाही. अडवल्यावर माणूस चिडतो आणि पळवाट शोधतो. विचारल्यावर त्याला माघार घ्यायला जागा मिळते, तीही कोणी पाहत नसताना.

औषध पिण्याचा टोमणा मात्र या विचारण्यातून वगळला. ‘औषध मारले’ आणि ‘औषध घे’ यांतला फरक यंत्राला नीट कळत नाही. म्हणून कर्ज, भाव किंवा नुकसानीच्या प्रश्नाखाली ‘औषध’ शब्द असलेले प्रत्येक उत्तर आधी माणसाकडे जाते, मग प्रसिद्ध होते. मूळ लिहिणाऱ्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिसतो. चुकून अडकणारी उत्तरे यात भरपूर आहेत, आणि तिथे कोणी सूट मागितलेली नाही.

प्रश्नकर्त्याच्या हातात तीन गोष्टी दिल्या : उत्तर लपवणे, आपल्या प्रश्नाखालचे बोलणे बंद करणे आणि ‘फक्त तज्ज्ञांनी उत्तर द्यावे’ हा पर्याय. शेवटचा पर्याय प्रश्न लिहितानाच समोर दिसतो, सेटिंगमध्ये खोल दडवलेला नाही. एका प्रश्नाखाली दहा मिनिटांत पंधरापेक्षा जास्त उत्तरे आली की ‘सावकाश’ स्थिती आपोआप लागते : एका माणसाला दहा मिनिटांत एकच संदेश.

भावाच्या तक्त्याखालची मोकळी चौकट काढली. तिथे आता भरायचे रकाने आहेत : पीक, बाजार समिती, ओलावा, मिळालेला भाव, आणि जमल्यास आडत पट्टीचा (आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावतीचा) फोटो, नाव झाकून. रकान्यात शिवी बसत नाही. पण इथे मंडळाने एक गोष्ट नीट ओळखली, की भाव पडल्यावरचा संताप म्हणजे ट्रोलिंग नव्हे. सरकारला, व्यापाऱ्याला आणि खुद्द उत्पादक कंपनीला बोल लावण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे. त्यासाठी ‘गाऱ्हाणे’ हा वेगळा विभाग उघडला, कायम ‘सावकाश’ स्थितीत. नियम एकच : धोरणावर, व्यवहारावर काहीही लिहा, समोर लिहिणाऱ्या माणसावर नको.

तक्रारीचे बटण आणि त्याचा गैरवापर

तीन तक्रारी आल्या की संदेश तात्पुरता लपायचा. बोगस टॉनिकबद्दल स्पष्ट लिहिणाऱ्या एका निवृत्त कृषी सहायकाची उत्तरे अचानक लपू लागली. नोंदी पाहिल्यावर कळले की तिन्ही तक्रारी दर वेळी एकाच तालुक्यातून, काही मिनिटांच्या अंतराने येत होत्या. मग अट बदलली. तक्रारी किमान दोन तालुक्यांतून हव्यात. ज्याच्या आधीच्या तक्रारी फोल ठरल्या त्याचे वजन कमी. आणि पुष्कळ उत्तरे लागू पडलेल्या माणसाचा संदेश आपोआप लपतच नाही, त्याची तपासणी यंत्राऐवजी माणसाकडून होते. तक्रारीची पोच २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार २४ तासांत जाते आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ॲपवर आहे.

गुपचूप लपवण्याचाही प्रयोग झाला. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ आणले, त्यात त्रास देणाऱ्याची टिप्पणी त्याला स्वतःला दिसत राहते, इतरांना दिसत नाही. शहरात हे चालत असेल. इथे चहाच्या टपरीवर दोन फोन शेजारी धरले की बिंग फुटते, आणि तसेच फुटले. ‘ॲपवाले आमचे लपवतात’ ही ओरड आठवडाभर गावोगाव होती. तेव्हापासून लपवलेल्या प्रत्येक संदेशासोबत कारण एका ओळीत आणि दाद मागायचे बटण दिले जाते.

परिणाम

एकूण संदेश कमी झाले. ही गोष्ट मंडळाला पचायला जड गेली, कारण निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विकणाऱ्या कंपन्यांना जाहिरातीसाठी हाच आकडा दाखवला जायचा. त्याऐवजी आता दोन आकडे दाखवतात : किती प्रश्नांना एका दिवसात लागू पडलेले उत्तर मिळाले, आणि एकदा प्रश्न विचारणारा पुन्हा विचारायला येतो का. रब्बीत बायकांच्या नावाने प्रश्न पुन्हा येऊ लागले. त्यांतल्या बऱ्याच जणी ‘फक्त तज्ज्ञांनी’ हा पर्याय निवडतात. म्हणजे मोकळे बोलणे त्यांना अजून सुरक्षित वाटत नाही, हेही त्यातून कळते.

त्या पर्यायाचा भार अर्थातच दोन पदवीधरांवर आला. मग ‘तज्ज्ञ’ची व्याख्या रुंद केली : ज्यांची वीस उत्तरे लागू पडली ते शेतकरीही त्यात.

भांडणे संपली असे मात्र नाही, काही हलली. स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपच्या गटांत टवाळी चालते. तिथे या ॲपचा हात पोहोचत नाही. निदान प्रश्नासोबत टोपणनाव आणि तालुकाच जातो, गाव जात नाही.

न सुटलेली गोष्ट म्हणजे गोड बोलून मारलेला टोमणा. ‘वा साहेब, तुमच्यासारखे जाणकार आहेत म्हणूनच तर आमचं सोयाबीन जळालं’ यात अडवण्यासारखा एकही शब्द नाही. त्याला आता हशा मिळत नाही आणि तो खाली राहतो, इतकेच.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. सुरुवात शब्दांच्या यादीपासून झाली, कारण ती डोळ्यांना दिसणारी कारवाई होती. त्यात वेळ गेला आणि गांडूळखतवाल्यांचा विश्वासही. नोटिफिकेशन आणि उत्तरांचा क्रम हे दोन बदल पहिल्या आठवड्यात होण्यासारखे होते, आणि त्यानंतर यादीची गरज किती उरते ते पाहता आले असते.

मतदान तोंडावर असल्याने पुढचे चार बदल एकदम लावले. त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळे सांगता येत नाही, शिवाय निवडणूक संपल्यानेही तापमान उतरलेच असणार. एका तालुक्यात आधी, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, असे केले असते तर तुलना मिळाली असती. कंत्राटात अशी सोय लिहून घेतलेली नव्हती. तयार साचा घेणाऱ्यांनी भावमुद्रा, क्रम, नोटिफिकेशन आणि खात्यांचे नियम तालुकानिहाय चालू-बंद करता येतील, हे कलम आधीच घालून घ्यावे. नंतर प्रत्येक बदलाचे वेगळे बिल येते.

गावाचे नाव दाखवण्याआधी बचत गटात विचारले असते तर तो फेरा टळला असता. बैठकीला खर्च काही नव्हता.

आवाजी संदेशांचा निर्णय अजून लटकलेला आहे. टाइप करण्यापेक्षा बोलणे पुष्कळांना सोपे जाते. पण बोलीतला आवाज मजकुरात उतरवणारी यंत्रणा शिवी आणि जिव्हाळ्याची हाक यांत गोंधळते. तूर्त प्रश्न साठ सेकंदांपर्यंत आवाजात विचारता येतो, उत्तर आवाजात फक्त ‘तज्ज्ञ’ देऊ शकतात. पुढच्या खरिपापूर्वी ही मुभा तपासून दहा ‘लागू पडले’ मिळालेल्यांपर्यंत वाढवायचा प्रस्ताव मंडळापुढे आहे.